मासोळीवाली आणि बाबांचा थर्मामीटर

घरात पोर आजारी आहे असं कळलं, की मासोळीवाली बाई टोपली उतरवून आधी मडक्यातला जिवंत मरळ मासा पोरापुढे पाण्याच्या परातीत सोडायची. मरळ उसळली, पाणी उडालं, की पोर किंचाळायचं नाहीतर हात पुढे करायचं. मग बाई म्हणायची, "काई नाई होत याले. पेज पाजा." आणि पुढच्या घराला लागायची.

किरकिऱ्या पोरांच्या आयांवर ती वैतागायची. "रडून राह्यलं ना? मंग तुले काय्चं भेव? गुमान पडलं त्याचं भेव धर!" आमच्या तळ्याकाठच्या गावात दवाखाना नव्हता, तालुक्याला जायचं तर जंगलातून बैलांच्या रेंगीनं अर्धा दिवस. त्यामुळे उगाच ती कोणाला धाडायची नाही.

माझे बाबा शाळामास्तर. चांद्याहून आणलेला थर्मामीटर गावात त्यांच्याकडेच, म्हणून काय तो तोरा! माझा दीड वर्षाचा भाऊ बाळू तीन दिवस तापानं फणफणला. चौथ्या सकाळी पारा खाली आला. "उतरला ताप, झोपू द्या," बाबांनी हुकूम सोडला. आई दोनदा म्हणाली, पोर दूध ओढत नाही. ऐकतो कोण!

तेवढ्यात बाई आली. मरळ उसळली, बाळूच्या तोंडावर पाणी उडालं; त्यानं पापणीही हलवली नाही. बाईनं त्याचं अंगडं वर केलं. श्वासागणिक फासळ्यांखाली खड्डा पडत होता.

"मास्तर, गाडी जुंपा."

"ताप उतरलाय, बाई. तुम्ही मासे विका."

"पोट्टं पाहा ना! काचेची कांडी काय पाहून राह्यले!"

बाबा हलले नाहीत. आजही आठवलं की मस्तकात तिडीक जाते. शेवटी बाईनंच शेजाऱ्याला रेंगी जुंपायला लावली, बाळूला आईच्या ओटीत दिलं आणि स्वतःही चढून बसली. तिची मासळी आमच्या अंगणात उन्हात नासली. तालुक्याच्या डॉक्टरांनी सुई टोचली आणि ते म्हणाले, संध्याकाळ केली असती तर पोर गेलं असतं.

बाळू वाचला. आणि बाबा? गावभर सांगत सुटले, "मी वेळेवर हलवला म्हणून!" आई मान खाली घालून ऐकायची. बाईच्याही कानावर जायचं. ती टोपली उचलून पुढच्या घराला लागायची. माझं डोकं फिरायचं, पण बाबांपुढे तोंड उघडायची छाती कोणाची?

पाच-सहा वर्षांनी आम्ही जेवत असताना शेजारी सांगत आला, मासोळीवाली गेली. बाबांनी भात कालवत विचारलं, "कोणती?"

"बाळूला तुमच्या हातून सोडवून नेलं ना, ती!" मी ओरडले.

बाळूनं घास हातातच धरून बाबांकडे पाहिलं. त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं.