नाते गावातल्या गोठ्यासमोर ऐकलेली कॅसेट

मंडळी, आपल्या लाडक्या परदेशी पॉप बँडसारखे वाटणारे अल्बम शोधून मूळ अल्बमशी तुलना करायचं माझं वेड तुम्हाला माहीतच आहे. आज दुपारी त्यासाठीच महाडहून नाते गावात गेलो.

तिथल्या सुलोचनाकाकींच्या यजमानांनी तरुणपणी मुंबईत मित्रांबरोबर त्या बँडच्या धाटणीची मराठी कॅसेट काढली होती. गेल्या वर्षी ते वारले.

ओटीवर बसून आधी मोबाइलवर मूळ अल्बम लावला. समोर गोठ्यात गाय निवांत रवंथ करत होती. मग काकींच्या टेपवर कॅसेट लावली. वाद्यं किरकिरी, पण काकांचा आवाज मूळ गायकापेक्षा मऊ, असं मी म्हणतोय तोच गाय ताडकन उठली. दावं ताणून रिकाम्या फाटकाकडे बघत हंबरू लागली.

"बंद कर रे," काकी पुटपुटल्या. "दूध काढताना हेच गायचे. तिला वाटतंय, आले."

मी टेप बंद केला. गाईची मान मात्र फाटकापासून थेट स्वतःच्या शेजारपर्यंत हळूहळू वळत गेली. मग तिने मान खाली घातली, डोळे मिटले, कुणी गळा खाजवत असल्यासारखे.

मी टेपवरचा हात मागे घेतला. काकी मात्र शांतपणे म्हणाल्या, "लाव परत. गाणं अर्धं नाय ठेवायचं."

मी लावलं. तुम्ही लावलं असतं?