चर्चच्या मैदानावरच्या चार चकरा

मी श्रीरामपूरला हायस्कूलमध्ये सायन्स शिकवते. स्टाफरूममध्ये कुणी बुद्धीला न पटणारं असलं काही सांगायला लागलं की मी सरळ वह्या तपासायला घ्यायचे... आज तेच लिहायला बसले आहे.

गेल्या वर्षी मला ब्रेस्ट कॅन्सर निघाला. दर तीन आठवड्यांनी नगरला केमो. तिथल्या फिजिओ मॅडमनी बजावलं होतं, "हा थकवा झोपून जात नाही. रोज चालायचं, दहा मिनिटं का होईना."

घरामागेच चर्चचं मैदान आहे. पण मला उठून चूळ भरणंही जड जायचं. माझे मिस्टर सकाळी सातला कोपरगावला ड्यूटीवर निघायचे, आठला फोन करायचे.

"चाललीस का?"

"हो."

रोज खोटं. त्याचं वाईटही वाटायचं नाही. काहीच वाटायचं नाही.

तिसऱ्या केमोनंतर दोन दिवसांनी शेजारचे दगडूमामा शेवग्याच्या शेंगा घेऊन आले. रिटायर माणूस, रोज सकाळी नऊच्या सुमारास मैदानाच्या कट्ट्यावर बसलेले असतात.

"मॅडम, मानलं तुमाला! रोज चार चकरा. लई हिंमत हाय."

"मी? कधी?"

"आता काय... मंगळवारी मी हात केला, तर तुमी बघितलं बी न्हाई. डोक्याला निळी ओढणी हुती."

मंगळवारी आम्ही सहालाच नगरला निघालो होतो. मामांच्या बसायच्या वेळी माझ्या हाताला सलाईन होतं. माझी निळी ओढणी घरी, दारामागच्या खुंटीला.

मी शेंगा घेतल्या, आत जाऊन पडले. भीती वाटली नाही. भीती वाटायलाही अंगात थोडं बळ लागतं.

पुढच्या वेळी फिजिओ मॅडमनी सहा मिनिटं चालायची टेस्ट घेतली. आधीच्या टेस्टला मी अर्ध्यात खाली बसले होते. या वेळी थांबलेच नाही. मॅडम खूश — "रोज चालताय ना? दिसतंय."

मी नुसती मान हलवली.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी खरंच मैदानावर गेले. एक चक्कर कशीबशी मारली. मामा कट्ट्यावरच होते, मी त्यांच्या समोरून गेले... दुसऱ्या दिवशी फाटकातून हाक आली.

"मॅडम, काल आला न्हाईत? बरं न्हाई का?"

त्या संध्याकाळी मी मिस्टरांना सगळं सांगितलं, रोजच्या खोट्यासकट. ते म्हणाले, "उद्यापासून मी येतो बरोबर. ड्यूटी बदलून घेतो."

आता आम्ही दोघं चालतो. मामा दोघांनाही हात करतात. ट्रीटमेंट संपली, रिपोर्ट चांगले आहेत. तेव्हा रोज सकाळी मैदानावर कोण चालत होतं, ते मला अजून सांगता येत नाही. एवढंच मनात येतं — चार चकरा झाल्यावर ती दमत असेल का? आणि दमल्यावर बसायला कुठे जात असेल?