सुनेची डबी

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार. सकाळपासून ढगाळ. दुपारी पुष्पा आली, डॉक्टरांची जुनी रुग्ण. डॉक्टर वारल्याचे तिला ठाऊक नव्हते.

डॉक्टर म्हणजे माझे यजमान, दिगंबर गावंडे. पोटविकारतज्ज्ञ. वणीत त्यांचा दवाखाना होता. खेड्यांतल्या सासवा सुनांना घेऊन येत. मुरडा, फुगारा, कधी जुलाब, कधी चार-चार दिवस संडासच नाही. दुर्बिणीच्या तपासणीत काही सापडत नसे.

"नाटकं करते, साहेब. निंदनाच्या दिवशीच दुखते हिचं," सासू म्हणे.

डॉक्टर चिडत. आतडे दिसायला धड असले तरी दुखणे खरे असते, हे ते शेवटपर्यंत सांगत राहिले. कुणी ऐकले नाही.

म्हणून साठी उलटल्यावर त्यांनी पुरावा शोधायला घेतला. अशा रुग्णांच्या आतड्यातले जंतू वेगळे असतात का, हे पाहायचे होते. जवळच्या एका गावातल्या घरांतून त्यांनी दोन-दोन डब्या मागवल्या. एकीत दुखणाऱ्या सुनेचा शौचाचा नमुना, दुसरीत धडधाकट सासूचा. चूल एक, पाणी एक. फरक निघाला तर तो दुखण्याचा.

प्रयोगशाळेचे उत्तर आले: प्रत्येक घरच्या दोन्ही डब्या एकाच व्यक्तीच्या आहेत. नमुने बनावट असावेत.

डॉक्टर गावात गेले. मीही गेले. पुष्पाची सासू मैनाबाई ओट्यावर तूर पाखडत होती.

"दोन्ही माह्याच," ती म्हणाली. "साऱ्याच घरी तसं केलं. सुनेची घाण, वरून तिच्या नावाची चिठ्ठी, अन् परक्या मानसाच्या हाती द्यायची? इज्जत हाय का नाही? दोन डब्या मागतल्या, दोन देल्ल्या. कमी भरल्या काय?"

शेजारच्या बायका खिदळल्या. पुष्पा दाराआड खाली मान घालून उभी होती.

डॉक्टरांनी घडले तसे कळवले. अभ्यासाला पैसे देणाऱ्या संस्थेने काम बंद केले. गावात बातमी पोचली ती अशी, की डॉक्टरचा अभ्यास खोटा निघाला. पुष्पाचे सासरे बबनराव बाजारात भेटले.

"साहेब, तुमचंच खोटं निघालं, तं मंग आमच्या सुनेचं दुखनं कायचं खरं?"

त्यानंतर त्या गावातून एकही सून दवाखान्यात आली नाही. अडाणी लोकांना काय समजणार, असे आमचे स्नेही म्हणत. मैनाबाईला सगळे समजत होते. तिला सुनेपेक्षा घरची इज्जत जपावीशी वाटली.

आज पुष्पा म्हणाली, "आई, सायबाच्या कागदावर एवढं लिहून द्या ना, का हे दुखनं खरं असते. घरी दाखवतो."

"मी डॉक्टर नाही, बाई. माझ्या लिहिण्याला कोण विचारतो?"

"सायबाच्या लिहिन्याले तरी कोनं इचारलं?"

मग तिने हळूच संडासला जाऊ का विचारले. घरी दिवसा गेले की टोमणे बसतात म्हणे. आतून तिने दोनदा विचारले, बाहेर कुणी उभे तर नाही ना? कुणी नाही, सावकाश बस, म्हटले. बराच वेळ बसली. शेवटच्या बसने गेली.

टाकीतले पाणी संपले. संध्याकाळी पंप लावला.