दबलेला शॉकअप अन् गॅरेजवाल्याचं हसू

मंडळी, आज रॅलीच्या गाडीसाठी वापरलेले कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंगसकट येणारे शॉकअप, पाहायले देऊळघाटले गेलो होतो. गॅरेजवाला म्हणे, "भाऊ, एकच रॅली झाली याच्यावर. डोळे झाकून घ्या."

तिथंच मले शंका आली. रॅलीत बाजूच्या सीटवर माही बायको बसते. डोळे झाकून कसं घेऊ?

स्प्रिंगा काढायले लावल्या अन् एकेक दांडा हातानं दाबला. तीन हळूहळू वर आले. चौथा दबलेलाच राह्यला, म्हणजे त्याच्यातला गॅस गेलेला.

गॅरेजवाला गुपचूप आत गेला अन् तसाच पाचवा, चांगला शॉकअप घेऊन आला.

संगं आलेल्या बायकोनं विचारलं, "हा होता, तर आधीच काऊन नाही दाखवला?"

तो नुसता हसला. आम्ही काही न घेता परतलो.

तुम्ही असते तर त्या हसण्यावर भरवसा ठेवून घाटात गाडी घातली असती का?