पेरूच्या झाडावरची गोळ्यांची पाकिटं

आमच्या पेरूच्या झाडाला सध्या फळांपेक्षा गोळ्यांची रिकामी पाकिटंच जास्त लगडली आहेत. पोपट पळावेत म्हणून बाबांनी ती दोऱ्याने बांधली आहेत. वाऱ्यावर फिरली की उन्हात अशी चमकतात, की रस्त्यावरची माणसं मान वर करून बघतात.

रक्तदाबाची ही इवलीशी गोळी. मागच्या वर्षी बाबांचं हृदय थकलं, पावलं सुजली, आडवं झालं की धाप लागायची, तेव्हा डॉक्टरांनी ती दिली. म्हणाले, "हृदयावरचा ताण कमी होईल. पण एक दिवसही चुकवू नका, आणि मी सांगेपर्यंत जिना चढायचा नाही."

बाबांनी एकही दिवस चुकवला नाही. शर्यत जिंकणाऱ्याला ढाल मिळते. चहाआधी रोज मुकाट्याने गोळी गिळणाऱ्याला कोण देतं? त्या पाकिटांतला प्रत्येक फुटलेला कप्पा म्हणजे बाबांनी जिंकलेली एक सकाळ आहे.

पोपट अर्थात कशालाच भीत नाहीत. सगळ्यात मोठा पेरू त्यांनी आजच टोचला. मी खालून त्यांना हाकलत होते, इतक्यात गच्चीवरून खणखणीत हाक आली, "अगं, ओढणी पसर! उरलेले मी टाकतोय!"

परवाच जिन्याची बंदी उठली होती. आणि त्या आवाजात धाप नव्हती.