उमापूरला मी गेलोच नव्हतो

बाहेरचं, भास, अमानवीय... या कशावरच माझा काडीचा विश्वास नव्हता. मी वायरमन आहे. गेवराईत राहतो आणि वीस-बावीस वर्षं आसपासच्या गावांतून घरांची फिटिंग करतोय. टेस्टर लावला आणि दिवा लागला तर करंट आहे, नाही लागला तर नाही. माझं ज्ञान एवढंच. नेटवरचे इथले असले अनुभव माझी बायको वाचते आणि मी तिला हसायचो. आज मीच लिहायला बसलोय. पोलिसांना जे सांगितलं ते यातलं निम्मंच. उरलेलं सांगून उपयोग नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात उमापूरला एका घराचं काम घेतलं होतं. नावं बदलून लिहितो. घर दत्तूचं. मेंढरं राखणारा माणूस, वर्षातले सात-आठ महिने कळप घेऊन बाहेरच. घरी त्याची बायको कमल आणि म्हातारी आई. जुन्या दोन खोल्यांना प्लास्टर, नवा ओटा आणि मागच्या बाजूला बाथरूम असं काम काढलं होतं. बाथरूम खरं तर म्हातारीसाठीच. तिचे गुडघे गेलेले, अंगणातल्या न्हाणीत तिला बसता येत नव्हतं. निळ्या फुलांच्या टाइल्स कमलनं स्वतः गेवराईला येऊन निवडल्या. आणि गिझर पाहिजेच म्हणाली, हिवाळ्यात आईंचे हाल होतात.

आता चूक सांगतो, आधीच सांगून टाकतो. गिझरच्या पॉइंटची हिरवी वायर, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची, बाथरूमच्या दारामागच्या बॉक्समध्ये मेन अर्थिंगला जोडायची राहिली. विसरलो नव्हतो. मला दुसऱ्या साइटवर जायची घाई होती, म्हटलं उद्या जोडू. दुसऱ्या दिवशी गेलो तर मिस्त्रीनं बॉक्सवर टाइल बसवून टाकली होती. नवीकोरी टाइल फोडायची म्हणजे कमलला कारण सांगावं लागणार... गिझर नवा आहे, काय होतंय, असं म्हणून मी बोर्ड बसवला, लाइन चालू करून दाखवली आणि निघालो. करंट गळायला लागला की लाइन आपोआप तोडणारा एक स्विच असतो, तोही नंतर बसवू म्हणून राहिला. हे किती वाईट काम आहे हे मला त्याच दिवशी माहीत होतं.

दिवाळी झाली आणि माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. त्यांना अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात ठेवलं. मी आणि माझी बहीण आळीपाळीनं त्यांच्यापाशी बसत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी कमलचा फोन आला.

"अण्णा, बाथरूमच्या नळाला हात लावला की मुंग्या येत्यात. लई न्हाई, पन येत्यात."

कशामुळं ते मला लगेच कळलं. मी तिला सांगितलं, गिझरचा खटका पाडून बंद करा, मी येईपर्यंत वर करू नका, पाणी चुलीवरच तापवा. मी परवा येतो. ती बरं म्हणाली, वडिलांची चौकशी केली, फोन ठेवला. दुसरा वायरमन पाठवता आला असता. गेवराईत माझ्या ओळखीचे चार जण आहेत. पण टाइल फोडल्यावर त्याला माझं काम दिसलं असतं... म्हणून कुणालाच पाठवलं नाही.

दुपारी बहीण आत बसली आणि मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर टेकलो. दोन रात्रींची झोप नव्हती, लगेच डोळा लागला.

स्वप्नात मी उमापूरला गेलो. मोटारसायकल लिंबाखाली लावली. कमल दारात आली, म्हणाली परवा येणार होता ना. मी म्हटलं, जिवाला चैन पडेना. छिन्नीनं दारामागची टाइल फोडली, बॉक्स उघडला, हिरव्या वायरीचा जोड दिला, टेप गुंडाळला. कमलनं पलंगाखालची एक शिल्लक टाइल आणून दिली, ती मी बसवली. म्हातारी दारात पाय पसरून बघत होती. तिनं मला गुळाचा चहा दिला. निघताना कमलनं विचारलं, "आता घालू का आईंना आंगूळ?" मी म्हटलं, "घाला बिनघोर."

बहिणीनं हलवून उठवलं, औषध आणायचं होतं. जाग आली तेव्हा किती हलकं वाटत होतं म्हणून सांगू... उरलेला दिवस मी त्या हलकेपणातच फिरलो. काम झाल्यासारखंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला दत्तूचा फोन आला. तो कळप घेऊन पाथर्डीकडं होता, शेजाऱ्यांनी त्याला कळवलं होतं. कमल गेली होती. सासूसाठी पाणी काढायला तिनं नळ धरला आणि तिथंच खाली पडली.

मी कसंबसं विचारलं की गिझर चालू कशाला केला, मी तर नको म्हटलं होतं. दत्तू म्हणाला, "काल दुपारी तुमीच येऊन जोड देऊन गेलता ना, अण्णा. सांजच्याला तिचा फोन आलता मला. म्हनली, अण्णा बिचारे बाप आजारी असून आले. घाला बिनघोर म्हनले."

हे दोन शब्द मी कुणालाच सांगितले नव्हते. बहिणीलासुद्धा नाही.

मी उमापूरला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला ओळखलं. कालचं सगळं तिनं बायांना सांगितलेलं होतं, माझ्यासमोर परत सांगितलं. मोटारसायकल लिंबाखाली लावली, टाइल फोडली, पलंगाखालची दुसरी काढून दिली, गुळाचा चहा पिला. मी ऐकत उभा राहिलो. पोलीस आले होते, त्यांच्याबरोबर दुसरा वायरमन होता. दारामागची टाइल जशीच्या तशी होती, तिच्या फटींतलं पांढरं सिमेंट उन्हाळ्यातलंच, कुठं तडासुद्धा नाही. शिल्लक टाइल पलंगाखालीच होती, वर बोटभर धूळ. वायरमननं माझ्यासमोर ती भिंतीतली टाइल फोडली. आत हिरवी वायर मोकळी लोंबत होती.

पोलिसांनी विचारलं, काल दुपारी कुठं होता. दवाखान्यात होतो, बहीण आणि वॉर्डातले लोक साक्षीला होते. म्हातारीचा गोंधळ झाला असेल असं त्यांनी धरलं. जोड मी सोडला होता हे मात्र मी लिहून दिलं. केस चालू आहे. जे व्हायचं ते होवो.

दत्तू संध्याकाळी आला. सगळं उरकल्यावर मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं की जोड पहिल्यापासूनच नव्हता, ते माझं पाप आहे आणि काल मी आलोच नव्हतो. तो मला मारील असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो खाली मातीकडं बघत राहिला आणि म्हणाला, "मंग आलता कोन?"

ती खटका पाडून बसली होती. मी जे सांगितलं ते तिनं ऐकलं होतं. कुणी आलं नसतं तर ती आज जिवंत असती. एवढंच मला कळतं आणि ते कळून काहीही करता येत नाही.

वडील घरी आलेत, वाचा गेली आहे. मी नवं काम घेत नाही. जुन्या घरांना जाऊन अर्थिंग तपासतो. असे अर्धवट सोडलेले जोड आणखीही आहेत, खोटं कशाला बोलू. काही जण घरात घेत नाहीत, बातमी सगळीकडं गेली आहे.

गेल्या महिन्यात तलवाड्याच्या बाजूला एका घरी गेलो. तिथंही मी असंच काम केलं होतं. दारात बाई भाकरीचं पीठ मळत होती. मी म्हटलं, गिझरची लाइन बघायची आहे. ती हसून म्हणाली, "कितींदा बघनार, अण्णा? परवाच तर बघून गेलात की. काय काळजी न्हाई म्हनलात."

मी परवा घरीच होतो. वडिलांना भरवत होतो.

मी आत गेलो आणि बॉक्स उघडला. हिरवी वायर मोकळीच होती. जोडली, दोनदा तपासली, बाहेर येऊन पायरीवर बसलो. बाईनं पाणी आणून दिलं.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. डॉक्टरला विचारलं, एका महाराजांनाही विचारलं, दोघांनीही झोप घ्या म्हणून सांगितलं. झोपायचीच भीती वाटते. मी कुणाकुणाच्या घरी जाऊन सगळं ठीक आहे म्हणून सांगून आलोय, ते मला माहीत नाही.