अकरा रुपयांची वाट

गेल्या जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळचे पावणेसात. मागितलेली रक्कम अकरा रुपये. हजर माणसं तीन: मी, माझ्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी, आणि पैसे मागणाऱ्या सत्तरीच्या बाई. चौथा त्या बाईंचा कुत्रा, पण तो झोपलेला होता, म्हणून त्याला साक्षीदार धरत नाही.

मी वसईत, माणिकपूरला राहतो. नोकरी दुसऱ्यांचे हिशेब तपासायची. रक्तातली साखर वाढली तेव्हा डॉक्टर चाला म्हणाले. मला चालण्याचा कंटाळा, म्हणून सायकल घेतली. वर्षभर दर रविवारी एकच फेरी करत होतो, माणिकपूर ते अर्नाळा, आतल्या गावांतून. दुकानांची शटरं खाली असतानाच निघायचं. गास गाव सोडलं की रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंनी केळी आणि सोनचाफ्याच्या वाड्या येतात, वळणावर पांढरा क्रूस, पुढे चर्च. शेवटी अर्नाळ्याला सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, समोर पाण्यातला किल्ला आणि एक बिनसाखरेचा चहा.

या सगळ्या फेरीतला सातशे मीटरांचा एकच तुकडा असा, की ज्याच्यासाठी मी गजर न लावता उठायचो. गावातला डांबरी रस्ता सोडून एक वाट वाडीत शिरते. एक हातगाडी जाईल एवढी रुंदी. उजवीकडे केळी, डावीकडे बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं जुनं गोडं तळं. थंडीत त्यावर धुकं असतं आणि काठाच्या माडावर खंड्या बसलेला असतो. खाली पडलेल्या झावळ्यांवरून चाक गेलं की करकर आवाज होतो, तेवढाच. पुढे बांध लागतो, तिथे उतरून सायकल हातात धरून न्यायची. बांधाच्या एका अंगाला पडीक भातजमीन, तिच्यापलीकडे खाडी. बांध संपला की परत डांबर.

त्या रविवारी वाटेच्या तोंडाशी बांबू आडवा होता.

"ओ सायकलवाले, थांबा. आज बंद हाय," बाई वाटेलगतच्या घराच्या ओट्यावरून म्हणाल्या. समोर चाफ्याच्या कळ्यांची टोपली होती.

"गेल्या रविवारी तर चालू होतं," मी म्हणालो.

"गेल्या रविवारी होतं. आज नाय. आनि वर्ष झालं तुमाला येऊन-जाऊन. अकरा रुपये द्या."

शेजारी हसला. "आजी, टोलनाका काढला काय?"

"टोलवाला पावती देतो. मी नाय देत."

पावती नाही, हे शब्द ऐकले की माझा हात खिशाकडे जात नाही. पंचवीस वर्षांची सवय आहे. मी म्हणालो, "काकी, कशाचे अकरा रुपये ते सांगा."

"जाता त्याचे."

"रस्त्यावरून जायचे पैसे कोणी मागतं का?"

रस्ता म्हटल्याबरोबर बाईंचा चेहरा बदलला. टोपली उचलून त्या आत निघून गेल्या. कुत्रा उठला. आम्ही सायकली वळवल्या.

मोठ्या रस्त्याने जाताना मी मनात हिशेब केला. दर रविवारी अकरा म्हणजे वर्षाचे पाचशे बहात्तर. आमच्या वसाहतीतले नऊ जण अधूनमधून याच फेरीला येतात. त्यांचे धरले तर पाच हजार एकशे अठ्ठेचाळीस. बाईंना हे जमायला लागलं, की पुढची वाडी मागणार, मग त्यापुढची.

"द्यायचे ना काका," शेजारी म्हणाला. "अकरा रुपयांत काय येतं आजकाल?"

"अकरा रुपयांत सवय येते."

तो पुन्हा हसला. मग थोड्या वेळाने, अगदी सहज विचारल्यासारखं, म्हणाला, "पण ती मागची पडीक जमीन कोणाची हो? केवढी असेल?"

त्या प्रश्नानंतर माझा संशय बाईंवरून उठला आणि त्याच्यावर जाऊन बसला.

हा मनुष्य दोन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत आला. 'मार्केटिंगमध्ये आहे' असं सांगतो. काय विकतो ते कधी सांगितलं नाही. सायकल माझ्या सायकलीच्या चौपट किमतीची. बांधावर आलो की त्याला हमखास फोटो काढायचा असतो, आणि मला आठवेना त्याने बावखलाचा एक तरी फोटो काढल्याचं. मोबाइल नेहमी खाडीच्या बाजूला, म्हणजेच त्या जमिनीच्या बाजूला. सूर्य तिकडून उगवतो हेही खरं. पण सूर्याचे एवढे फोटो घेऊन कोण काय करतो?

त्यानंतरचे तीन रविवार आम्ही मोठ्या रस्त्यानेच गेलो. मागून पाण्याचे टँकर, पुढे खड्डे. तिसऱ्या खेपेला मला लांबून दिसलं की वाटेच्या तोंडाशी असलेल्या माडावर छातीएवढ्या उंचीला लाल रंगाचा पट्टा ओढलाय. असे पट्टे वसईत रस्त्यासाठी तोडायच्या झाडांवर ओढतात, हे इथे दहा वर्षं काढलेल्याला सांगावं लागत नाही. मी शेजाऱ्याकडे पाहिलं. तो पाणी पीत होता.

फेब्रुवारीत एका सुट्टीच्या दिवशी मी त्याला न सांगता एकटाच गेलो. बांबू नव्हता. तरी मी आत शिरलो नाही. ओट्यापाशी उतरलो. बाई बावखलातून कळशी भरून येत होत्या.

"आलात? आता काय मोजायचं ऱ्हायलं?"

"मी कुठे काही मोजतो?"

"लबाड बोलू नका. दर आयतवारी त्या कोपऱ्यावर थांबता. घड्याळात बघता, मोबाइलात बघता. मी इथून बघते ना. तो दुसरा फोटो काढतो, तुमी मोजता."

खरं तर मी तिथे अंतर पाहत असे. माणिकपूरपासून बरोबर किती झालं हे त्या कोपऱ्यावर पाहायची सवय लागली होती. पण ते सांगून पटण्यासारखं नव्हतं. मलाच ऐकताना पटलं नसतं.

"झाडावर पट्टा कोणी ओढला?" मी विचारलं.

"तुमच्याच मानसाने. गाडीतून आला, चकचकीत बूट घालून. मला मोबाइल दाखवला. म्हनतो, आजी, ही निळी रेघ बघा, हा रस्ता हाय, वर्षभर लोक जातात. तुमी अडवू शकत नाय. वहिवाट झालीय."

त्या पडीक जमिनीला आजवर जायला रस्ता नव्हता, म्हणून ती पडीक होती. बाईंच्या वाडीतून रस्ता निघाला की तिचं मोल वेगळं. आणि हातगाडीच्या वाटेने इमारतीचं सामान येत नाही. वाट रुंद करायची तर एकीकडे केळी तोडायची, नाहीतर दुसरीकडे बावखल बुजवायचं. हे सगळं त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं आणि कळशी खाली ठेवली.

"तो बूटवाला. माझ्याबरोबर येतो तोच का?"

"नाय. तो नाय. पन कोन कोनाचा, मला काय म्हाईत? तुमी तरी कोन?"

मी मोबाइल काढला. फेऱ्या नोंदवायचं अ‍ॅप उघडलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "अशीच रेघ होती?"

त्यांनी चष्मा आणला. "हीच."

रेघ माझी होती. वसाहतीतल्या लोकांना फेरी सापडावी म्हणून मी तो तुकडा सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता, आणि नेमकेपणाची खोड असल्यामुळे त्याला नावही दिलं होतं: 'बावखल रस्ता'. त्यावरून गेलेल्यांचा आकडा खाली होता. तो आमच्या नऊ जणांच्या कितीतरी पुढे गेला होता. बाकीचे कोण, मला ठाऊक नाही.

बाईंनी अक्षरं लावून वाचलं. "रस्ता," त्या म्हणाल्या. "कोनी सांगितलं तुमाला रस्ता? ही वाट हाय. आमच्या घरची वाट."

"दोन्ही एकच ना, काकी."

"एकच कसं? वाटेवर विचारून जातात. रस्त्यावर कोन कोनाला विचारतो?"

मग त्यांनी अकरा रुपयांचं सांगितलं. पूर्वी मिठागरावर जाणारी माणसं याच वाटेने जायची. सासऱ्यांनी कधी अडवलं नाही. पण वर्षातून एक दिवस बांबू टाकायचे, आणि जो रोजचा, त्याच्याकडून एक नारळ घ्यायचे. नारळ घरात ढिगाने पडलेले असायचे. तरी घ्यायचे, म्हणजे देणाऱ्याच्या लक्षात राहावं की वाट दुसऱ्याची आहे. आता नारळ घेऊन सायकल कोण चालवतो, म्हणून अकरा रुपये. वर्षाचे. वर्षातून एकदा.

माझे पाचशे बहात्तर तिथल्या तिथे गळाले.

मी तिथेच उभ्या उभ्या तो तुकडा अ‍ॅपवरून काढून टाकला आणि काढलेला त्यांना दाखवला. त्यांचा विश्वास बसला असं वाटलं नाही. "परत नाय ना येनार तो त्यात?" मी म्हणालो, माझा येणार नाही, बूटवाल्याने फोटो काढून ठेवला असेल तर माझा इलाज नाही. खोटा धीर देण्यात अर्थ नव्हता. मग अकरा रुपये त्यांच्या हातावर ठेवले आणि मला सुचलं ते केलं. एका कागदावर लिहिलं, की मी या वाटेने वाडीच्या मालकीणबाईंना विचारून, त्यांच्या परवानगीने जातो, ही त्यांच्या घरची वाट आहे आणि तिच्यावर माझा काही हक्क नाही. खाली सही, तारीख, पत्ता. विचारून जाणाऱ्याची वहिवाट होत नाही; हे लिहिणारे लोक जितके जास्त, तितकी वहिवाटीची गोष्ट लंगडी, एवढं मला कळतं. पैसे घेणाऱ्याला पावती देण्याची माझी ही पहिलीच वेळ.

पुढच्या रविवारी मी शेजाऱ्याला काही न सांगता वाटेवर नेलं. मला पाहायचं होतं. जो त्या जमिनीसाठी फिरत असेल, तो वाट दुसऱ्याची आहे म्हणून अकरा रुपये देणार नाही, आणि तसं लिहून तर मुळीच देणार नाही.

"आजी, स्कॅनर आहे का?" त्याने विचारलं.

"रोख."

त्याने वीसची नोट काढली. "ऱ्हाऊ द्या वरचे."

"काय म्हनून? भीक घालतो काय मला?" बाईंनी आतून नऊ रुपये मोजून आणले आणि त्याच्या हातावर ठेवले.

मी तसाच लिहून आणलेला कागद पुढे केला. त्याने न वाचता सही ठोकली आणि फोटो काढायला बांधाकडे गेला. कागद न वाचता सही करणारा माणूस दलाल नसतो. किंवा फार चांगला दलाल असतो. मी त्याच्या मागोमाग गेलो. त्याने मोबाइल खाडीकडेच धरला होता. सूर्य वर येत होता.

लाल पट्टा अजून माडावर आहे. बूटवाला पुन्हा आलेला नाही. दर रविवारी मी ओट्यापाशी उतरतो, विचारतो, त्या हाताने 'जा' म्हणतात.

आजवर दिलेली रक्कम: माझे अकरा, शेजाऱ्याचे अकरा, एकूण बावीस रुपये रोख. घेणार, वाडीच्या मालकीणबाई.